दादा, पाटी काढली

दादा, तुझ्या शोकसभेत लोक हसले.

तुला वाटेल, बाई नेहमीप्रमाणे वाढवून सांगतेय. पण खरंच हसले. खडकीतल्या तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर, तुझ्या कारखान्यातले एक जुने सहकारी उठले आणि म्हणाले, "अशोकरावांबद्दल मी काय बोलणार? त्यांच्या पाट्याच बोलतात." मग त्यांनी मोबाइल काढून तुझी डोहावरची पाटी वाचून दाखवली. "पोहता येणाऱ्यांनी येथे जरूर उतरावे. न येणारे घरी सुखरूप पोचतात." हॉल आधी दबकत हसला, मग मोकळेपणाने. मागून कोणीतरी टाळीही वाजवली. वहिनीने पदर तोंडाला लावला, तर लोकांना वाटलं तीही हसतेय. मी उठून बाहेर आले आणि जिन्यापाशी चपला शोधत राहिले. समोर पडलेल्या माझ्याच चपला मला दिसत नव्हत्या.

त्या गृहस्थांना बोल लावत नाही. त्यांना ओंकारचं काहीच माहीत नव्हतं. तू ते वहिनीला आणि मला सोडून कोणाला सांगितलंच नव्हतंस. सगळ्यांच्या लेखी तू म्हणजे निवृत्तीनंतर डोंगरात जाऊन खवचट पाट्या लावणारा एक गमतीदार म्हातारा. गमतीदार तू होतासच, ते मी कशाला नाकारू? पण शेवटचं वर्षभर तू कसा होतास ते मी पाहिलंय, आणि ते त्या हॉलमध्ये बोलायची सोय नव्हती. म्हणून इथे लिहितेय. शिवाय आपलं एक भांडण तू अर्धवट टाकून गेलास. त्याचं पुढे काय झालं ते तुला कळायला नको?

तू पाण्याचा माणूस कसा झालास हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आपल्या हडपसरात तेव्हा उसाचे मळे होते आणि मळ्यांच्या कडेने कालवा वाहायचा. आण्णा मोटर चालू करायला गेले की तू मला घेऊन कालव्यावर पळायचास. पाठीला रिकामा डबा बांधून तू मला पाण्यात ढकललंस तेव्हा मी आईच्या नावाने जो टाहो फोडला, तो मळ्यातल्या बायकांनी ऐकला आणि तू संध्याकाळी आण्णांचा मार खाल्लास. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा हजर. मी उतरलेल्या पायरीकडे परत यायला जीव खाऊन हात मारायचे, आणि पाणी मला पुढेच न्यायचं. तू काठावरून पळत ओरडायचास, "सुमे, मागं फिरू नगं! पाणी नेतंय तिकडं चल, म्होरं पूल हाय!" पुलाजवळ पाणी संथ व्हायचं, तिथे तू हात द्यायचास. जिथे उतरलो तिथेच बाहेर निघायचा हट्ट कालव्यात धरायचा नसतो, हे तू मला शिकवलंस. आज कोणी कालव्यात पोरं घेऊन जाईल तर मीच त्याला झोडपून काढीन, पण मला पोहणं असंच आलं.

आणि त्याच हट्ट न धरण्याने पुढे तुझा जीव वाचला. आपली दोन्ही घरं कोकणात गेलो होतो ते आठवतं? मुलं लहान होती, किनाऱ्यावर किल्ला करत होती. लाटा दोन्ही बाजूंना फुटत होत्या आणि मधल्या पट्ट्यात पाणी अगदी शांत दिसत होतं. आपल्याला वाटलं, हीच जागा बरी. तू आत गेलास आणि बघता बघता तुझं डोकं लहान होत गेलं. मी ओरडले, वहिनी पाण्याकडे धावली. मी तिला मागून कमरेला धरून ठेवलं. तिला पोहता येत नव्हतं, आणि आत गेली असती तर तुम्ही दोघंही गेला असतात. तू एक हात वर केलास. मला वाटलं, संपलं. पण तू हात पुन्हा खाली घेतलास आणि उताणा पडून राहिलास. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तू आडवा, किनाऱ्याला समांतर, सावकाश हात मारत सरकू लागलास, पार दूर जाऊन लाटांबरोबर बाहेर आलास, आणि वाळूतून चालत परत आलास. वहिनी तुझ्या छातीवर बुक्के मारत रडत होती. तू धापा टाकत म्हणालास, "अगं, रिक्षा मिळेना. चालत यावं लागलं."

रात्रीच्या जेवणात मात्र तू गंभीर होतास. तू म्हणालास, "तो कालवाच होता सुमे. फक्त समुद्रात जाणारा. त्याला पूल नाही, म्हणून बाजूनं निघायचं. किनाऱ्याकडे सरळ हात मारले असते तर दमून मेलो असतो." किनाऱ्यावरचे लोक त्याला ओढ म्हणतात, हे तू त्यांच्याकडून ऐकून आलास. पाण्याला ओढ आहे. मी आयुष्यभर वर्गात ओढ म्हणजे माया, ओढ म्हणजे घराची आठवण असं शिकवत आले. त्या दिवसापासून तो शब्द फळ्यावर लिहिताना माझा हात अडायचा.

निवृत्त झाल्यावर तुला तो डोह सापडला. धरणाच्या वरच्या अंगाला, ओढ्यावर. गावचे लोक त्याला रांजण म्हणतात, कारण तोंड लहान आणि पोट मोठं. वरून हिरवं, गोड पाणी. कडा शेवाळलेल्या आणि आत वळलेल्या, बाहेर निघायला हात धरायला काही नाही. खाली पाणी एकदम गार. शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या भरभरून पोरं येत. तिथे सरकारी पाटी होती: "येथे पोहण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून." तू पहिल्यांदा गेलास तेव्हा त्या पाटीवर पोरांनी टॉवेल वाळत घातले होते. घरी येऊन तू मला फोन केलास. "बाई, हुकूम कोणाचा ते लिहिलंच नाही. पाण्याचा असेल असं कोणालाच वाटत नाही."

मला बाई म्हणायचास तू, मी शाळेत लागले त्या दिवसापासून. आणि पत्रा आणून, गॅलरीत पाय पसरून, कारखान्यातल्या सुरक्षा विभागात शिकलेल्या त्या वळणदार अक्षरात तू पाट्या रंगवू लागलास. रंगवण्याआधी मजकूर मला ऐकवायचास. "बाई, तपासा." पहिली मला अजून पाठ आहे. "डोहाची खोली मोजायची असल्यास दगड टाकावा. दगडाची घरी कोणी वाट पाहत नसते." मी हसले आणि मग तुला ती पुन्हा वाचायला लावली. दुसरी, "सूर मारण्यापूर्वी खालचा खडक बाजूला करून घ्यावा." आणि तिसरी ती, शोकसभेत वाचलेली. आपण हडपसरचे, पण तुझी जीभ थेट पेठेतली, असं मी तुला चिडवायचे. तुला ते फार आवडायचं.

तिसरीवर मी अडले होते. म्हणाले होते, दादा, यातलं पहिलं वाक्य सुटं वाचलं तर उलटा अर्थ होतो. तू म्हणालास, "सुटं कोण वाचतंय? आणि खरं आहे की नाही सांग. ज्याला पोहता येत नाही तो काठावर पाय सोडून बसतो. बुडतो तो पोहणाराच. टाकीत पोहायला शिकलेला." ते खरं होतं. तुझं म्हणणं असं की साधं लिहिलं तर कोणी थांबतच नाही. हसवलं तर माणूस थांबतो, आणि थांबला की निदान विचार तरी करतो. लोक थांबले, हे मला मान्य करावं लागलं. टॉवेल वाळत घालायचे बंद झाले. पाटीसमोर रांग लागू लागली, फोटो काढायला. ती पाटी मोबाइलवरून सगळीकडे फिरली, मला माझ्याच शाळेच्या ग्रुपवर आली, आणि मी ऐटीत लिहिलं की ही माझ्या भावाची आहे. डोहाजवळ चहा-मॅगीच्या टपऱ्या वाढल्या. लोक पाटी बघायला येऊ लागले.

मग ओंकार आला.

तिकडे विदर्भातून हडपसरला आयटीत नोकरीला आलेला मुलगा. शाळेत असताना पोहण्याच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवलेली. मित्रांबरोबर डोहावर आला, पाटीसमोर उभा राहून फोटो काढला, पाटीच्या पहिल्या वाक्याखाली बोट धरून. "मला येतं ना पोहायला," असं म्हणाला आणि उतरला. बराच वेळ मजेत पोहला. मग बाहेर यायला काठाशी गेला तर हाताला काही लागेना. मित्र हसत होते. त्यांना वाटलं तो नाटक करतोय. बुडणारा माणूस ओरडत नाही, दादा, हे तूच मला सांगायचास. त्याला श्वासच पुरत नसतो, ओरडणार कशाने? तोंड वर, हात पाण्यावर दाबलेले, आणि आवाज काही नाही. त्यांना कळलं तोवर उशीर झाला होता. दोरी नव्हती. कोणाला काही फेकायचं सुचलं नाही.

त्याच्या मित्राने तुला हे सगळं सांगितलं तेव्हा तू डोहावरच होतास. रविवारी तू असायचासच, पण त्या दिवशी उशिरा पोचलास. संध्याकाळी तू माझ्याकडे बिबवेवाडीला आलास. खडकीला घरी न जाता, थेट. दारात उभा राहून म्हणालास, "त्यानं बोट ठेवलं होतं गं. जरूर या शब्दावर." मी तुला आत घेतलं. तू पाणीही प्यायला नाहीस.

पुढच्या रविवारी तू पक्कड घेऊन पाटी काढायला गेलास, आणि तिथे त्याची आई उभी होती. दोन भावांबरोबर आली होती, मुलगा गेला ती जागा बघायला. टपरीवाल्याने तिला सांगितलं की पाटी लिहिणारे ते हेच. तू मला नंतर इतक्या वेळा सांगितलंस, की मी तिथे असल्यासारखं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. तू हात जोडलेस. तुला वाटलं ती कानाखाली मारेल, आणि तुला ते हवंही होतं. ती म्हणाली, "तुमीच लिहिलं का भाऊ हे?" मग तिने मोबाइल पुढे केला. पाण्यात उतरायच्या आधी त्याने आईला तो फोटो पाठवला होता. खाली तिचं उत्तर होतं, हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची एक ओळच्या ओळ.

"मी बी हासली होती," ती म्हणाली. "लय दिवसांनी हासलो आमी दोघं. राहू द्या ते पाटी. माह्या लेकाचं शेवटचं हासू हाये त्याच्यात."

तू पक्कड खिशात घातलीस. पाटी राहिली.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणत होते, काढ. एका आईचं दुःख मला कळतं, पण उद्या दुसरा कोणीतरी त्याच शब्दावर बोट ठेवील. तू म्हणायचास, मी शब्द दिलाय. मी म्हणायचे, शब्द माघारी घे. तू म्हणायचास, "तू सांग तिला." मग तू तुझा उपाय काढलास. दर शनिवारी, दर रविवारी, डबा घेऊन पाटीखाली बसायचास. लोक हसून झाले की उठायचास. "वाचून झालं? हसून झालं? आता माझं ऐका. इथं उतरलात तर चढायला जागा नाही. बघायचं असेल तर बघा, पाय बुडवायचे तर खालच्या अंगाला ओढा उथळ आहे, तिथं बुडवा. कोणी पडलाच तर त्याच्यामागे उडी मारू नका, हाताची साखळी करू नका, एक घसरला की सगळे जातात. ही दोरी, हा रिकामा कॅन. फेकायचा. आणि प्यायला असाल तर पाण्याकडे बघूसुद्धा नका." उंबराच्या झाडाला तू तो कॅन आणि दोर टांगून ठेवला होतास. लोक तुला हो हो म्हणत. काही जण तुझाही व्हिडिओ काढत.

तुझं वय, तो चढ, ते ऊन. डॉक्टरांनी चढ चढू नका म्हटलेलं. वहिनीने मला फोन करून रडून सांगितलं, सुमनताई, तुम्ही तरी समजवा. मी समजवायला म्हणून यायचे आणि भांडून जायचे. एकदा चिडून म्हणालास, "मग तूच लिही, बाई. नवा मजकूर दे, मी आत्ता पाटी बदलतो." मी मोठ्या तयारीने सांगितलं, "येथे पोहणे धोकादायक आहे. पाणी खोल असून कडा निसरड्या आहेत. कृपया पाण्यात उतरू नये." तू डोळे मिटून ऐकलंस. "निबंध छान आहे. दहापैकी सात. आणि उतरू नये म्हणजे कोणी? नये म्हटलं की प्रत्येकाला वाटतं शेजाऱ्याला सांगतायत." मी म्हटलं, मग 'उतरू नका' लिही. तू म्हणालास, "नका म्हटलं की पोरं मुद्दाम करतात. तू एवढी वर्षं शाळेत होतीस, तुला मी सांगायला हवं?" मी पर्स उचलून निघाले. तू जिन्यापर्यंत सोडायला आलास आणि मागून ओरडलास, "बाई, गृहपाठ राहिला!"

तुझ्याशी माझं ते शेवटचं बोलणं. त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी वहिनीचा फोन आला.

मला तुला एक सांगायचं होतं, ते जिन्यात उभं राहून सांगायला हवं होतं. तू मला सारखं विचारायचास, "पाटीमुळे गेला का गं तो?" आणि मी दर वेळी बाईंच्या आवाजात म्हणायचे, काहीतरीच काय, पाटीने कधी कोणी बुडतं का? तुझा काडीचा दोष नाही. तुला तो आवाज पटायचा नाही. खरं तर मलाच ठाऊक नव्हतं, दादा. आजही नाही. मला वाटतं तो पाटी नसती तरी उतरला असता. असल्या पाण्यासमोर बावीस-तेवीस वर्षांचा पोहणारा मुलगा उभा राहिला की तो उतरतोच. पण मला खात्री नव्हती, आणि तुला खात्री नको होती. तुला शेजारी बसून "मलाही माहीत नाही रे" म्हणणारं कोणीतरी हवं होतं. ते मी म्हणाले असते तर तुला कदाचित एखादा रविवार घरी झोप लागली असती.

शोकसभेनंतर चार-पाच दिवसांनी मी वहिनीकडे होते. तुझे शर्ट काढून ठेवत होतो. वहिनी प्रत्येक शर्टाचा खिसा तपासत होती, आणि प्रत्येक खिशात बडीशेप निघत होती, आणि ती प्रत्येक वेळी रडत होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात ओंकारची आई. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. आठवड्यातून एकदा तुझा तिला फोन जायचा, हे मला तेव्हा कळलं. तो आला नाही म्हणून तिने केला, तेव्हा वहिनीने तू गेल्याचं तिला सांगितलं, आणि ती रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून भेटायला आली होती. हातात संत्र्यांची पिशवी होती. सुतकातल्या घरी काय न्यावं तिला कळलं नसावं.

ती तुझ्या फोटोसमोर बसली. मग वहिनीला म्हणाली, "भाऊ दर हप्त्याला विचारे मले, जेवल्या का म्हणून. माह्या सख्ख्या भावाईनं नाही विचारलं." फोनवर तू काय बोलायचास हे वहिनीलाही ठाऊक नव्हतं. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्याला टेकून तुझ्यासाठी पहिल्यांदा पोटभर रडले. शोकसभेत आले नव्हते ते सगळे अश्रू तिथे आले. एवढा चांगला होतास, आणि तू मला मार्क कमी दिलेस म्हणून मी पर्स उचलून निघून आले होते.

चहा घेताना तिनेच विषय काढला. "आता कोण बसन तिथं?"

वहिनी तुझ्या फोटोकडे वळली.

"भाऊ बसत होते, म्हणून थे पाटी चालून जात होती. मी सोताच्या हासूसाठी ठेवाले लावली. आता तिथं कोणी नाही. काढून टाका, ताई."

मी विचारलं, तुमचा फोटो? तुमचं हसू? ती म्हणाली, "फोटो हाये ना मोबाइलमध्ये. तो माह्याजवळ राहीन. तिथं काहाले पाह्यजे?"

मग मी तिला विचारलं, जे तू मला विचारलं होतंस ते. त्या जागी काय लिहायचं? मी शिकलेली, निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेच्या फलकावर आयुष्यभर सुविचार लिहिलेत. मला एक ओळ सुचत नव्हती. तिने कप खाली ठेवला. "मले काय लिहिता येते ताई? इथं आमचा ओंकार गेला म्हणा. त्याले पोहता येत होतं. एवढं सांगा लोकाईले. बाकी ज्याचं त्याले समजते."

ती काही पाटीचा मजकूर सांगत नव्हती. बोलत होती. पण मी उठले आणि तिच्या देखत ते तसंच्या तसं मोबाइलवर लिहून घेतलं, आणि पुन्हा वाचून दाखवलं. तिने मान हलवली. जाताना म्हणाली, "मोठ्या अक्षरात करा. त्याचा चष्मा होता, पाण्यात काढून जाये."

आमच्या बिबवेवाडीत नंबरप्लेटी रंगवणारा एक आहे, त्याच्याकडे पत्रा दिला. तुझं अक्षर त्याला येणार नव्हतं, पण काम स्वच्छ करतो. संध्याकाळी त्याचा फोन. "मॅडम, एक चूक आहे. त्याले झालंय. त्याला करून टाकू ना?" तुला माहीत आहे, पाटीवरचा चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ पाहिला तरी माझं डोकं उठतं. आणि पुण्यात कोणी त्याले म्हटलं की लोक कसे ओठ मुडपून हसतात तेही मी जन्मभर पाहिलंय. कधी हसलेही असेन. मी म्हटलं, नाही, ते तसंच ठेवा. ते बरोबर आहे. तो म्हणाला, "लोक हसतील मॅडम." मी म्हटलं, बघू.

सरपंचांना विचारलं. त्यांनी आधी कुरकुर केली, जुन्या पाटीमुळे माणसं येतात म्हणून. वहिनी त्यांच्या दारातून हलली नाही. मग ते म्हणाले, लावा.

काल रविवारी आम्ही दोघी गेलो. चढ मला बराच लागला. तू या वयात दर आठवड्याला कसा चढायचास? तुझी पाटी तुझ्याच पक्कडीने काढली. वहिनीने ती साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळली आणि घरी नेते म्हणाली. मला ती घरात नको होती, पण तो तिचा नवरा होता. त्याच खांबावर नवी लावली. कॅनचा दोर कुजला होता, तो बदलला. वहिनी टपरीपाशी सावलीत बसली. मी पाटीजवळ, तुझ्या दगडावर.

थोड्या वेळाने मुलांचा एक घोळका आला. चार-पाच मुलं, दोन मुली, हातात चिप्सची पाकिटं. "ए, ती फेमस पाटी कुठाय?" एक जण तर चढतानाच शर्ट काढत आला आणि पाटीकडे न बघता, मी हात वर करेपर्यंत, सरळ कडेने पाण्यात उतरलासुद्धा. शेवाळावरून घसरून एकदम गळ्यापर्यंत गेला. पट्टीचा पोहणारा दिसत होता. बाकीचे पाटीसमोर थांबले. त्यातला एक जण मोठ्याने वाचू लागला. "इथं आमचा ओंकार गेला. त्याले..." आणि त्याला हसू आलं. "त्याले! अरे ब्रो, त्याले बघ!" दुसराही हसला. त्याने मोबाइल वर धरला. मला वाटलं, तूच जिंकलास, दादा. लोक फक्त हसायला थांबतात.

त्यांच्यातली एक मुलगी पुढचं वाचत होती, ओठ हलवत, मनातल्या मनात. तिने मोबाइलवाल्याचा हात खाली ओढला. मग तिची नजर माझ्याकडे गेली. पांढरे केस, दगडावर एकटी बसलेली बाई. ती जवळ आली आणि खाली वाकून अगदी हळू म्हणाली, "आजी, तुमचा मुलगा का?"

मला दोन वाक्यं बोलता आली असती. पण माझं बोलणं ऐकून तिला लगेच कळलं असतं की त्याले म्हणणारी ही बाई नव्हे. म्हणून मी एकच शब्द बोलले.

"हो."

हसणाऱ्या मुलांपैकी एकाने उगाच चिप्सचं पाकीट मुडपून खिशात घातलं. ती मुलगी कडेपाशी गेली आणि पाण्याकडे तोंड करून हाक मारली, "रोहन! बाहेर ये." तो पोहत पोहत मध्याकडे निघाला होता. त्याने हात हलवला, एकच चक्कर, असं काहीतरी ओरडला. ती पुन्हा ओरडली, आणि या वेळी तिचा आवाज फाटला. "रोहन, प्लीज. आत्ता."

तो वळला. काठाशी त्याचे हात घसरत होते. मी उठून कॅन फेकला, मुलांनी दोर धरला.

तो बाहेर आला, दादा.